बाबांची जमीन नापास झाली

ज्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले, त्याच उन्हाळ्यात बाबांची जमीन नापास झाली. माझे पेढे अजून डब्यात होते आणि बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. नामीआत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, विहिरीवर सांगितलं, "लेक पास झाली नि बापूस नापास झाला." बाया हसल्या. आमच्या घरात मात्र कुणी हसलं नाही, कारण त्या जमिनीवर माझी आठवी उभी राहायची होती.

आम्ही कळव्याचे, पिढ्यानपिढ्यांचे आगरी. खाडीच्या अंगाला आमची भातशेती आणि मिठागर, आणि त्याला लागूनच घर. घरात बाबा, आई, नामीआत्या आणि मी. पहाटे जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. तांदळाची भाकरी ओल्या हातावर फिरते तेव्हा तिचा एक मऊ, पाणीदार आवाज होतो, तो मला आजही झोपेत ऐकू येतो. मग तव्यावर सुका जवळा परतल्याचा वास कौलांपर्यंत चढायचा. ओहोटीला कुणी खाडीच्या चिखलातल्या निवट्या, ते बोटभर मासे, आणून दिले की आई त्यांचं आंबट कालवण करायची, आणि त्या दिवशी बाबा जेवून उठायला तयार नसायचे. नामीआत्या धवलारीण होती. लग्नात धवले गायला तिला पार कोलशेतपर्यंत बोलावणी असत. घरात ती बोलायची तेही मांडवात गात असल्यासारखं. मिठागरावरच्या माणसांना जेवायला हाक मारायची तर आत्या अंगणातून मारायची. कुणाला जावं लागायचं नाही.

या सुखाच्या घराला एकच दुखणं होतं. पावसाळ्यात मोठी भरती आली की खाडीचं पाणी मागच्या दाराने चुलीपर्यंत यायचं. आई साडी खोचून, चुलीपुढे पाट मांडून त्यावर उभी राहून भाकऱ्या करायची. म्हणून बाबांनी वर, डोंगराच्या पायथ्याशी आमचीच एक मोकळी जागा होती तिथे नवं घर बांधायचं ठरवलेलं. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या होत्या. ठाण्याच्या सुताराकडून सागवानी दरवाजेसुद्धा बनवून आणले होते. घर नव्हतं, पण दरवाजे होते! ते ओटीवर भिंतीला टेकून उभे असत आणि आई संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पदराने त्यांच्यावरची धूळ पुसत असे.

गावातली शाळा सातवीपर्यंत होती. पुढे शिकायचं तर खाडी ओलांडून ठाण्याला जायचं. मुलगे जात, मुली जात नसत. मी बाबांकडे विषय काढला तेव्हा ते भात कालवत होते. हात थांबला. म्हणाले, "खाडीपल्याड तुला एकटीला धाडनार नाय मी. पन शाला गावान आली, तर अडवनार पन नाय." दुसऱ्या कुणाच्या बापाने हे बोलून विषय संपवला असता. माझ्या बापाने शाळाच गावात आणायचं मनावर घेतलं. गावकी बोलावली. दगड कोण देणार, बैलगाड्या कोण देणार, हे सगळं बोलून झालं. जागेचा प्रश्न आला तेव्हा बाबा उभे राहिले आणि रस्त्याकडची आमची सगळ्यात चांगली खाचरं त्यांनी शाळेला देऊन टाकली. त्या जमिनीत भात असं यायचं की बांधावरून चालताना लोंब्या कमरेला लागायच्या. बाबांनी उरलंसुरलं दिलं नव्हतं, पहिल्या प्रतीचं दिलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर पुढचा त्यांचा राग कळणार नाही.

बांधकामाची देखरेख करायला ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ राहणारे लेलेसाहेब यायचं कबूल झाले. सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म घालवून निवृत्त झालेले, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी, सायकलच्या दांडीला बांधलेली एक छत्री. फुकट काम करणार होते, पण स्वभाव मात्र फुकट काम करणाऱ्यासारखा नव्हता. पहिल्याच दिवशी नारळ फोडायला जमलेल्या लोकांना त्यांनी थांबवलं. म्हणाले, "नारळ नंतर. आधी जमिनीला विचारू." आणि त्यांनी जागेच्या चारी कोपऱ्यांना आणि मधोमध खड्डे घ्यायला लावले.

मी प्रत्येक खड्ड्यापाशी होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या शाळेचं काम मी घरी बसून कशाला ऐकू? वरची माती कोरडी, घट्ट, कुदळीला दाद न देणारी. लोक खूश झाले. लेलेसाहेबांनी आणखी खाली जायला सांगितलं. छातीइतकं खोल गेल्यावर मातीचा रंग बदलला. तपकिरी जाऊन निळसर काळी, लोण्यासारखी माती लागली. साहेबांनी तिचा एक गोळा हातात घेतला आणि वळला. आई शेंगोळे वळते तशी त्याची लांबच लांब सुरळी झाली, मोडली नाही. मग त्यांनी पहार मागितली, खड्ड्याच्या तळाशी उभी धरली आणि नुसती सोडली. ठोकली नाही, दाबली नाही. पहार आपल्याच भाराने हळूहळू खाली गेली. तळात पाणी जमू लागलं. बघायला आलेल्या आईने वर काढलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि एवढंच म्हणाली, "खारं हाय."

"बाळारामभाऊ," लेलेसाहेब टोपी काढून म्हणाले, "तुमची जमीन सोन्यासारखी आहे, पण भाताला. इमारतीला नाही चालायची."

"म्हंजे काय? माझी जमीन नापास केली तुमी?"

"तसं नाही हो. वरचा थर कडक आहे, तो फसवतो. खाली खाडीचा गाळ आहे. भिंती उभ्या राहतील, छप्पर चढेल, आणि मग पावसाळ्यात एक कोपरा खचेल आणि दुसरा जागेवर राहील. भिंत मधून फाटेल. त्या वेळी आत मुलं बसलेली असतील."

बाबांना हे पटलं नाही असं नाही, सोसलं नाही. दिलेलं दान परत आलं असं त्यांना वाटलं. दोन-तीन दिवस ते नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी उठले आणि म्हणाले, "गाळाच्या खाली खडक असनारच. खडकाशिवाय धरती हाय कशावर? मी काढून दाखवतो." पांडूकाका आणि गणाकाका, बाबांचे दोघे चुलतभाऊ, यांना घेऊन त्यांनी मधला खड्डा आणखी खाली न्यायला सुरुवात केली. लेलेसाहेबांनी जाताना बजावलेलं होतं, की कमरेपेक्षा खोल सरळ भिंतींचा खड्डा नेऊ नका, कडा उतरत्या ठेवा, नाहीतर फळ्यांचा आधार द्या, आणि काढलेली माती काठावर टाकू नका. पण उतरत्या कडा म्हणजे दुप्पट खणणं, आणि बाबांना खडक लवकर हवा होता. विहिरीसारखा उभा, अरुंद खड्डा खाली गेला आणि माती वर, अगदी काठाला लागून, ढिगाने चढत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची न्याहारी घेऊन गेले. डोक्यावर टोपली, टोपलीत भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. ढिगाच्या मागून जाताना माझा पाय अडकला. खाली बघितलं तर जमिनीत एक भेग. काठाला समांतर, ढिगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काल ती नव्हती. माझा अंगठा तिच्यात आत जात होता. मी टोपली खाली ठेवली आणि ओरडले, "बाबा, भायेर या! जमीन फाटलीय!"

त्याच वेळी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. लेलेसाहेब आले होते. त्यांनी भेग बघितली, आणि या शांत माणसाचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. "सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता! अवजारं तिथेच टाका!" पांडूकाका आणि गणाकाका शिडीने भराभर वर आले. बाबा खालीच राहिले. "साहेब," खालून त्यांचा आवाज आला, "मिठागराचे बांध घालता घालता केस पिकले माझे. मना माती शिकवता? एक घाव घालू द्या, काय तरी कडक लागतंय."

तो घाव त्यांनी घातला की नाही, मला माहीत नाही. मला वाटायचं जमीन कोसळते तेव्हा गडगडाट होत असेल. तसं काही झालं नाही. परातीतलं पीठ एकदम उपडं व्हावं तसा ‘भस्’ असा आवाज झाला, ढीग एका अंगाला कलला आणि काठासकट आत गेला. धुरळा खाली बसला तेव्हा खड्ड्यात बाबांचं डोकं, खांदे आणि एक हात एवढंच दिसत होतं. बाकी सगळे बाबा मातीत.

पांडूकाका फावडं घेऊन धावले. लेलेसाहेबांनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. "फावडं नको! आणि काठावर कुणी जायचं नाही. तुमच्या भाराने दुसरी बाजू पडेल आणि मग ते अख्खे जातील." मग ते खाली वाकून, जणू ओटीवर बसून बोलतायत अशा आवाजात म्हणाले, "बाळारामभाऊ, हलू नका. उथळ श्वास घ्या. आम्ही आहोत." बाबांनी मान हलवली. त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. नंतर त्यांनी सांगितलं, की प्रत्येक श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची आणि पुढचा श्वास तेवढा लहान व्हायचा.

साहेबांना फळ्या हव्या होत्या. रुंद, मजबूत आणि लगेच. उघड्या शेतात फळ्या कुठून येणार? आई तोपर्यंत धावत येऊन पोचलेली. तिने एकदा खड्ड्यात बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि आत्याला म्हणाली, "नामीबाय, हाक घाल. आपले दरवाजे आनायला सांग." आत्याने तोंडाशी हात धरले. ती हाक मिठागरावर गेली, गावात गेली. मला वाटतं खाडीपलीकडे ठाण्यातसुद्धा गेली असेल. पाठोपाठ माणसं दिसली, डोक्यावर आमचे सागवानी दरवाजे आणि खांद्यावर वासे घेऊन पळत येणारी. आईने पदराने पुसलेले ते दरवाजे चिखलात टाकले गेले, आणि तिनेच पहिला ओढून काठावर नेला.

साहेबांनी पुढचं सगळं घाई न करता केलं. उरलेला ढीग घमेल्यांनी लांब नेऊन टाकायला लावला. दोन दरवाजे काठावर आडवे, म्हणजे माणसाचा भार एका जागी पडणार नाही. दोन दरवाजे खड्ड्यात समोरासमोर उभे सोडले आणि त्यांच्यामध्ये वासे आडवे ठोकून घट्ट बसवले. भिंती आता दाराआड होत्या. मग प्रश्न आला, आत उतरणार कोण? जागा अरुंद होती. गडी माणूस उतरला तर त्याचेच पाय बाबांच्या छातीवर.

"मी सगळ्यात हलकी आहे," मी म्हणाले.

साहेबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्या कमरेला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली.

मी एका वाशावर पोटावर पडून हातांनी आणि करवंटीने माती उपसत होते. करवंटी भरली की वर घमेल्यात. बाबांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. ते पुटपुटले, "सुगंधे, वर जा." मी म्हणाले, "नाय जात." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही. छाती मोकळी झाली तेव्हा त्यांनी जो श्वास घेतला, त्याचा आवाज वर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी म्हणालं, "ओढा आता!" साहेब कडाडले, "अजिबात नाही. पाय खाली धरलेले आहेत. ओढलंत तर माणूस मोडेल." कमरेपर्यंत मोकळे झाले तरी पाय सुटेनात. तो गाळ धरला की सोडत नाही. तेव्हा आईने वरून विचारलं, "साहेब, पानी सोडू काय? खाडीन पाय रुतला का आमी पानीच घालतो." साहेब क्षणभर विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. पण थोडं, पायाला धरून." आईने कळशी खाली सोडली. मी बाबांच्या पिंडरीच्या कडेने पाण्याची धार धरली आणि बाबा पाय हलवत राहिले, जरासा इकडे, जरासा तिकडे. एकदम चुबुक असा आवाज झाला आणि एक पाय सुटला. मग दुसरा.

बाबा शिडीने स्वतः वर आले. एक घोटा सुजलेला, अंगभर काळा गाळ, पण स्वतः आले. जे ओरडणं उठलं ते आत्याच्या हाकेपेक्षा मोठं होतं. पांडूकाका लहान मुलासारखे नाचत होते. लेलेसाहेब बाजूला जाऊन टोपीने वारा घेत होते. माझी न्याहारीची टोपली तशीच राहिलेली होती. आईने तिथेच बांधावर बसून सगळ्यांना भाकरी वाढली, आणि ठाण्याच्या त्या सोवळ्या गृहस्थांनी आमच्या हातची भाकरी आणि बिरडं मागून घेऊन खाल्लं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

आता त्या खाचरांवर उंच इमारती आहेत. काही वर्षांपूर्वी मी त्या बांधताना बघायला गेले होते. यंत्रं जमिनीत खोल खोल खांब उतरवत होती, खडक लागेपर्यंत. बाबा म्हणत होते तेही खरंच होतं म्हणायचं, खडक होता. फक्त त्यांच्या कुदळीला फार लांब होता. कामावरच्या एका तरुण इंजिनियरला मी विचारलं, "काठावर माती टाकत नाही ना रे?" तो म्हणाला, "आजी, तुम्ही सिव्हिलच्या का?" मी म्हटलं, "हो, तुझ्या आधीच्या बॅचची."

बाबांना खड्ड्यातून काढल्यावर दोन दिवसांनी लेलेसाहेब त्यांची विचारपूस करायला घरी आले. बाबा खाटेवर, घोट्याला हळदीचा लेप. बाबांनी त्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, "साहेब, डोंगराखालची आमची जागा बगितली काय?" साहेब म्हणाले, "येताजाता बघितलीय. मुरूम दिसतो. पण ती तुमच्या घराची ना?" बाबा आईकडे बघत राहिले. आई चुलीपाशी होती. दरवाजे धुऊन पुन्हा ओटीवर उभे केले होते, त्यांच्यावर ओरखडे उठलेले. नामीआत्या म्हणाली, "आरं, तिना किती पावसाले पान्यान उभं राहून रांधायचं?" आईने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "घर मागून बांधू. शाला आदी." मग मला म्हणाली, "सुगंधे, साहेबांना चाय दे." एवढंच. मला गावातल्या मोठ्या देणगीदारांच्या नावाच्या पाट्या दिसतात तेव्हा आईचं ते ‘शाला आदी’ आठवतं.

डोंगराखालच्या जागेत साहेबांनी पहिल्यासारखेच खड्डे घेतले. हातभर माती संपली आणि तांबूस, दाणेदार मुरूम लागला. पहार सोडली, उडाली. ठोकली तर ‘टण्ण’ असा आवाज आला आणि पांडूकाकांच्या हाताला झिणझिण्या आल्या. या वेळी नारळ बाबांनी फोडला, काठी टेकत येऊन. पायाचे चर खणायला अख्खा गाव लोटला. बाबा काठावरून हुकूम सोडत होते, आणि हुकूम सगळे लेलेसाहेबांचे होते: "ढीग लांब टाका रं! कड उतरती ठेव! शिडी कुनी हलवली?" रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते चराभोवती फिरून कड तपासत, आणि भेग शोधायला मला बरोबर घेत. "तुझा अंगठा पारखी हाय," म्हणत. जोत्याची भर थराथराने घातली. प्रत्येक थरावर पाणी, आणि मग माती ठोकून बसवायची जड धुम्मस. धुम्मस मारायला बाया पुढे आल्या. नामीआत्याने लग्नातल्या चालीवर गाणं लावलं आणि तिच्या ठेक्यावर सगळ्या जणी एकदम धुम्मस उचलायच्या आणि एकदम टाकायच्या. जमीन पायाखाली घुमायची. शेवटच्या थराच्या दिवशी बायांनी लेलेसाहेबांच्या हातात धुम्मस दिली आणि त्यांची काळी टोपी आत्याच्या डोक्यावर गेली. साहेब दोन ठोके चुकले, तिसऱ्याला ठेका सापडला, आणि मग ते थांबायला तयार नव्हते.

पावसाळ्यात जोतं भिजत पडलं, वाकलं नाही, खचलं नाही. दिवाळीनंतर भिंती चढल्या. माझं एक वर्ष घरात गेलं, पण फुकट गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पुढच्या जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. आम्ही मुली मोजक्याच, पुढच्या सतरंजीवर. मागे मुलगे, आणि खिडक्यांतून आत डोकावणारं अर्धं गाव. बाबा दारात उभे होते. आत या म्हटलं तर येईनात, पायाला माती आहे म्हणाले. ठाण्याहून आलेले नवे मास्तर हजेरी घेऊ लागले.

"सुगंधा बाळाराम पाटील."

घरात मला सुगंधी म्हणत, गावात बाळारामची पोर. माझं पूर्ण नाव एवढ्या मोठ्याने कुणी उच्चारलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मी उभी राहिले. पायाखाली ठोकलेली, गार, घट्ट जमीन होती. मी म्हणाले, "हजर!" आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला, थेट खिडक्यांच्या बाहेर गेला, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मास्तर हजेरी थांबवून हसत राहिले. टाळ्या थांबेपर्यंत मी खाली बसले नाही.